मेटलहेड्स : एक नाव पुढे, दोन नावं मागे

महूहून तुमचा निवृत्त कर्नल बोलतोय. या मालिकेत मी बहुतेक वेळा फौजेतल्या गोष्टी सांगतो. कधी वायरलेसच्या, कधी बर्फातल्या पोस्टच्या, कधी मेसमधल्या. त्यामुळे आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की साहेबांनी भलत्याच लाइनवर फोन जोडला. आजचा विषय आहे लंडनमधली एक छोटी रेकॉर्ड कंपनी. तिचं नाव मेटलहेड्स. ती ज्या प्रकारचं संगीत काढते त्याला ड्रम अँड बेस म्हणतात.

मी या विषयाकडे कसा वळलो ते आधी सांगतो. माझी लेक बेंगळुरूला असते. दिवसा नोकरी करते आणि महिन्यातून दोन-तीन रात्री क्लबात जाऊन रेकॉर्ड वाजवते. गाणं म्हणत नाही, वाद्य वाजवत नाही, दुसऱ्यांच्या तबकड्या एकीला एक जोडून वाजवते. सुरुवातीला मला हे काही झेपलं नाही. "हे काय वाजवणं झालं?" असं मी तिला दोन-तीनदा ऐकवलंही. तिच्या खोलीत भिंतीवर दोन बायकांचा फोटो होता. एक सावळी, कुरळ्या केसांची, एक गोरी. मला वाटलं, असतील कोणी गायिका. विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दीड महिना तिच्याकडे राहिलो. बिछान्यात पडल्या पडल्या दुसरं करणार काय? तिच्या खोलीतून येणारं ऐकत राहिलो. मी सिग्नल्सचा माणूस. तीस-बत्तीस वर्षं आवाज, तार आणि लहरी यांच्याशी संसार केला. ऐकता ऐकता कान टवकारले. मग वाचायला लागलो. त्यातून हा भाग तयार झाला.

ताशा आणि ढोल

आधी हे संगीत काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

फौजेत आम्ही क्विक मार्च करतो तेव्हा मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. ड्रम अँड बेसमध्ये ड्रमची लय मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांची असते. म्हणजे पळतानाचं काळीज. पण गंमत पुढेच आहे. वर ड्रम असे धावत असताना खालचा बेस, म्हणजे खर्जातला आवाज, बरोबर निम्म्या लयीत चालतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली ठाय लय आणि वर दुगुण, दोन्ही एकाच वेळी. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा कडकडत असतो आणि ढोलाचा ठोका मात्र सावकाश, भारदस्त पडतो ना? तीच जोडी. ऐकणाऱ्याने ताशा धरला तर तो उड्या मारतो, ढोल धरला तर संथ डोलतो. दोघंही तालात असतात.

ढोलाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. मोबाइलचा बोटभर स्पीकर ती लहर धडपणे काढूच शकत नाही. म्हणून हे संगीत मोबाइलवर ऐकणाऱ्याला नुसता पत्रा वाजल्यासारखं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. अर्धं संगीत माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं आणि मी मात्र पूर्ण मत देऊन मोकळा झालो होतो.

आता वरचा ताशा कुठून आला ते बघू. १९६९ साली अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या बँडने एक रेकॉर्ड काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं एक गाणं होतं. त्या गाण्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो. सगळे मिळून सहा-सात सेकंद. पुढे १९८० च्या दशकात सॅम्पलर नावाचं यंत्र आलं. कुठलाही आवाज त्यात भरून घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि हवे तसे पुन्हा जोडायचे. त्या काळी लोकप्रिय असलेल्या अकाईच्या एस-१००० या सॅम्पलरची मूळ मेमरी होती दोन मेगाबाइट. मी गणित करून पाहिलं. एकेरी आवाजाचे जेमतेम २३-२४ सेकंद त्यात मावतात. एवढ्या जागेत लंडनच्या पोरांनी कोलमनचे ते सहा-सात सेकंद भरले, त्यांची लय वाढवली, एकेक ठोका सुटा केला आणि नवी वीण घातली. या संगीताचा मोठा भाग त्या सात सेकंदांवर उभा आहे. कोलमनचं नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

सुरुवातीला या संगीताला 'जंगल' असं नाव होतं. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलेला. तो लंडनच्या तळघरात असा वाजेल, असं नेणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तिघं जण

रेकॉर्ड लेबल म्हणजे काय, हे आपल्या पिढीला कुत्र्याच्या चित्रावरून माहीत आहे. तबकडीच्या मधोमध चिकटवलेला तो गोल कागद म्हणजे लेबल, आणि त्यावरून कंपनीलाही लेबल म्हणायला लागले. पुस्तकाला प्रकाशक असतो तसं गाण्याला लेबल. मोठ्या कंपन्यांचं छोट्या तुकडीच्या कसरतींकडे लक्ष नसतं. मग छोटे लोक आपलं आपण छापतात आणि आपलं आपण विकतात. त्याला इंडिपेंडंट लेबल म्हणायचं, म्हणजे स्वतंत्र.

१९९० च्या सुमारास लंडनमध्ये चेरिंग क्रॉसजवळच्या हेवन या क्लबात 'रेज' नावाची रात्र भरायची. तिथे फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोघं डीजे वेगवान ब्रेकबीटच्या रेकॉर्ड वाजवायचे. हे नवं संगीत घडण्यात त्या रात्रींचा वाटा मोठा आहे. तिथे नेमाने जाणाऱ्यांत दोन मैत्रिणी होत्या. केमी ओलुसान्या आणि जेन कॉनीली. दोघींची ओळख केटरिंग नावाच्या लहान गावातली. केमी मेकअपचं काम शिकलेली, तर जेन रेडिओग्राफर, म्हणजे इस्पितळात एक्स-रे काढणारी. दोघींनी टर्नटेबल घेतले, घरी सराव केला आणि वाजवायला लागल्या. केमीने नाव घेतलं केमिस्ट्री, जेनने घेतलं स्टॉर्म. परवाना नसलेल्या पायरेट रेडिओवरून त्या काळी हे संगीत घरोघरी पोचत होतं. तिथेही या दोघींनी वाजवलं.

तिसरा होता गोल्डी. खरं नाव क्लिफर्ड प्राइस. जन्म १९६५ चा, वॉल्सॉलचा. वडील जमैकाचे, आई स्कॉटिश. बालपण अनाथालयांत आणि पालक-कुटुंबांत गेलं. तरुणपणी भिंतींवर ग्राफिटी काढायचा. त्या कामासाठी इतका नावाजला गेला, की १९८७ च्या 'बॉम्बिन' या माहितीपटात तो दिसतो. पुढे मायामीत जाऊन त्याने सोन्याचे दात बनवून विकले. तुमच्यापैकी कोणी १९९९ चा जेम्स बाँडचा 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' पाहिला असेल, तर त्यातला सोन्याच्या दातांचा बुलियन आठवा. तोच हा.

तर हा गोल्डी लंडनला परतला, तेव्हा त्याला रेजची वाट दाखवली ती केमीने. संगीत करायची ठिणगी त्याला तिथे मिळाली. तो रीइनफोर्स्ड या लेबलच्या लोकांबरोबर शिकला आणि १९९२ साली त्याने 'टर्मिनेटर' नावाची रेकॉर्ड काढली. तिच्यात एक करामत आहे. आपल्याला माहीत आहे, की टेप जोरात फिरवली की आवाज चिरका होतो. लय वाढली की पट्टीही चढते. 'टर्मिनेटर'मध्ये ड्रमची पट्टी चढत जाते, पण लय तसूभर हलत नाही. पायाखालची जमीन जागच्या जागी राहून घर तेवढं उचललं जावं, तसं काहीसं वाटतं. तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना हे नवंच होतं.

१९९४ : कंपनी उभी राहते

१९९४ साली या तिघांनी मेटलहेड्स सुरू केली. हे नाव गोल्डीने आधी स्वतःच्या रेकॉर्डवर वापरलं होतं, तेच लेबलला दिलं. चिन्ह ठरलं हेडफोन घातलेली कवटी. फौजेतल्या कुठल्याही युनिटला हेवा वाटेल असं ते चिन्ह आहे. लांबून ओळखू येतं आणि बघणाऱ्याला दोनदा बघायला लावतं.

आता छोटं लेबल चालतं कसं ते सांगतो. संगीतकार घरच्या खोलीत ट्रॅक करतो. तो मास्टरिंगला जातो, म्हणजे आवाज तबकडीवर कोरण्याजोगा केला जातो. खर्जाला तबकडीवर रुंद खाच लागते. म्हणून एका बाजूला एकच गाणं असलेली बारा इंची तबकडी वापरतात, म्हणजे खाचेला ऐसपैस जागा मिळते. मग कारखान्यात तबकड्या निघतात. पहिल्या काही, कोरा कागद चिकटवलेल्या, डीजेंना आणि दुकानांना जातात. बाकीचा माल वितरक उचलतो, आपला वाटा कापतो आणि पैसे काही महिन्यांनी देतो. तोवर कारखान्याचं बिल, टपाल, फोन, भाडं हे सगळं लेबलने खिशातून भागवायचं. जे उरेल ते लेबल आणि संगीतकार यांनी निम्मं-निम्मं घ्यायचं, ही छोट्या लेबलांत रूढ झालेली पद्धत आहे. यात कोणी लवकर श्रीमंत होत नाही.

हा रोजचा कारभार सुरुवातीच्या काळात कोणी सांभाळला? केमिस्ट्री आणि स्टॉर्मने. गोल्डी पुढे असायचा. कल्पना, संगीत, चेहरा, बोलणं हे सगळं त्याचं. मागे राहून संस्था उभी करणाऱ्या या दोघी. शिवाय रात्री जाऊन वाजवायचंच. फौजेतली मंडळी हे लगेच ओळखतील. हल्ला कोणी केला ते इतिहासात येतं. दाणागोटा वेळेवर कोणी पोचवला, ते येत नाही.

लेबलवर आलेले संगीतकार पाहिले तर निवड किती नेमकी होती ते कळतं. डॉक स्कॉट, डिलिंजा, फोटेक, जे मॅजिक, पेशे, अ‍ॅलेक्स रीस, लेमन डी, हिडन एजंडा. डिलिंजाचा 'द एंजल्स फेल' आणि अ‍ॅलेक्स रीसचा 'पल्प फिक्शन' हे दोन्ही १९९५ चे, आणि दोन्ही अगदी वेगळे. एक अंगावर येणारा, दुसरा सुटसुटीत आणि मोकळा. १९९६ साली 'प्लॅटिनम ब्रेक्झ' हा संग्रह निघाला. नव्याने ऐकायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

रविवारची रात्र

१९९५ मध्ये मेटलहेड्सने लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ब्लू नोट या क्लबात दर रविवारी रात्र भरवायला सुरुवात केली. तेव्हा हॉक्स्टन हा काही झगमगाटी भाग नव्हता. क्लब छोटा, छत बुटकं, स्पीकर भारी. रविवारच का? तर शुक्रवार-शनिवारी हे डीजे गावोगावी वाजवायला जायचे आणि रविवारी सगळे घरी परतायचे. म्हणजे ऐकायला समोर कोण? तर तोच धंदा करणारे बाकीचे. आमच्याकडे एखादी योजना वरिष्ठांपुढे मांडण्याआधी ती बरोबरीच्या अधिकाऱ्यांपुढे मांडतात. खरी चिरफाड तिथेच होते. तसंच हे.

इथे डबप्लेट समजून घ्यायला हवी. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर देऊन त्यावर गाणं थेट कोरायचं. एकच प्रत. साधी रेकॉर्ड घ्याल त्याच्या कितीतरी पट खर्च, वजनाला जड, आणि काही डझन वेळा वाजवली की झिजायला लागते. ही पद्धत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांकडून आलेली. उत्तर लंडनमधल्या म्युझिक हाउस नावाच्या ठिकाणी हे लोक रांगेत बसून डबप्लेट कोरून घ्यायचे. आठवड्यात केलेला ट्रॅक रविवारी त्या खोलीत वाजायचा. खर्ज कमी पडला, मध्येच लोक थंड झाले, तर संगीतकार घरी जाऊन दुरुस्ती करायचा. बाजारात तबकडी यायची ती त्यानंतर, कधी कधी कित्येक महिन्यांनी. मेटलहेड्सच्या मालाचा दर्जा का टिकला, याचं मला सापडलेलं उत्तर हेच. दर आठवड्याला, त्याच खोलीत, जाणत्या लोकांसमोर परीक्षा.

या रात्रींचा बोलबाला झाला. डेव्हिड बोवीसारखा तारा तिथे येऊन ऐकून गेला, आणि त्याच्या १९९७ च्या 'अर्थलिंग' या अल्बममध्ये ड्रम अँड बेसचा प्रभाव स्पष्ट ऐकू येतो.

आता आपल्याला जवळची एक गोष्ट. त्याच ब्लू नोटमध्ये रविवार मेटलहेड्सचा असला, तर सोमवार 'अनोखा'चा होता. तबलावादक तलविन सिंग आणि स्वीटी कपूर यांनी भरवलेली ही रात्र. तबला, सतार आणि हेच धावते ड्रम एकत्र आणणारे ब्रिटनमधले दक्षिण आशियाई तरुण तिथे जमायचे. १९९७ साली 'अनोखा' याच नावाने त्यांचा संग्रह निघाला. १९९९ मध्ये तलविन सिंगच्या 'ओके' या अल्बमला मर्क्युरी प्राइझ मिळालं. म्हणजे एकाच छताखाली, चोवीस तासांच्या अंतराने, एकीकडे जमैकाचा वारसा सांगणारा खर्ज आणि दुसरीकडे आपला तबला. दोघांना जोडायला अडचण आली नाही, कारण लयीचं गणित दोघांकडे पक्कं होतं. जाता जाता हेही बघा, की तलविन सिंगचं नाव अनेकांना माहीत असतं, स्वीटी कपूरचं फार थोड्यांना.

मोठी कंपनी दारात

१९९५ मध्येच गोल्डीचा 'टाइमलेस' हा अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. पहिलाच ट्रॅक २१ मिनिटांचा. त्याच्यातला 'इनर सिटी लाइफ' हा भाग डायन शार्लमेन हिने गायला आहे. मूव्हिंग शॅडो या दुसऱ्या एका स्वतंत्र लेबलचा रॉब प्लेफर्ड निर्मितीत बरोबरीने होता.

पण हा अल्बम मेटलहेड्सचा नव्हता. तो एफएफआरआरने काढला, म्हणजे लंडन रेकॉर्ड्सच्या मोठ्या घरातल्या लेबलने. स्वतःची कंपनी असताना मालकाने दुसरीकडे का जावं? कारण सरळ आहे. एवढा मोठा अल्बम, त्याचा स्टुडिओ, जाहिरात, देशोदेशी माल पोचवणं हे छोट्या लेबलला झेपलं नसतं. मोठी कंपनी आगाऊ पैसे देते. ते विक्रीतून वसूल होईपर्यंत कलाकाराला पुढचं काही मिळत नाही, पण काम तर उभं राहतं. म्हणून गोल्डीने आपला अल्बम मोठ्यांना दिला आणि बारा इंची तबकड्यांचं घर स्वतंत्र ठेवलं.

त्या निर्णयाचं महत्त्व तीन वर्षांनी कळलं. १९९८ मध्ये त्याचा पुढचा अल्बम 'सॅटर्न्झ रिटर्न' आला. त्यात 'मदर' नावाचा एकच ट्रॅक तासभराचा. बोवी आणि नोएल गॅलाघर पाहुणे. समीक्षकांनी तो उचलून धरला नाही, आणि पहिल्यासारखं यशही मिळालं नाही. वर्तमानपत्रांनी तर ड्रम अँड बेसचेच दिवस भरले असं म्हणायला सुरुवात केली होती. पण मेटलहेड्सच्या तबकड्या निघत राहिल्या. मुख्य चौकी पडली तरी मागची फळी शाबूत होती.

२५ एप्रिल १९९९

केमिस्ट्री आणि स्टॉर्म काही वर्षांनी लेबलच्या कारभारातून मोकळ्या होऊन पूर्णवेळ वाजवायला लागल्या होत्या. दोघी नेहमी जोडीने वाजवायच्या. पुरुषांनी भरलेल्या त्या क्षेत्रात त्यांनी आपली जागा हातांच्या जोरावर मिळवली. जानेवारी १९९९ मध्ये 'डीजे-किक्स' या नावाजलेल्या मालिकेत त्यांचा मिक्स निघाला. आता त्यांचं नाव देशाबाहेर जाणार होतं.

२५ एप्रिलच्या पहाटे दोघी साउथॅम्प्टनचा कार्यक्रम आटोपून परतत होत्या. हायवेवर मधोमध रात्री चमकणारे कॅट्स आय बसवलेले असतात, आपल्याकडेही असतात. पुढच्या एका व्हॅनमुळे त्यातल्या एकाचा लोखंडी सांगाडा उखडला आणि उडून त्यांच्या गाडीच्या काचेतून आत आला. केमिस्ट्री जागीच गेली. ३५ वर्षांची होती.

मी फौजेत माणसं गेलेली पाहिली आहेत. गोळीने, हिमकड्याने, आणि रस्त्यावरच्या अशाच एखाद्या निरर्थक वस्तूनेही. तिसऱ्या प्रकारात सांगायला काही उरत नाही, म्हणून तो सर्वांत जड जातो. स्टॉर्म त्यानंतर पुन्हा टर्नटेबलपाशी उभी राहिली, एकटीने. आजही वाजवते. माझ्या लेकीच्या भिंतीवर फोटो होता तो या दोघींचा.

त्यानंतर

पुढची वीस-पंचवीस वर्षं थोडक्यात सांगतो. ब्लू नोट हॉक्स्टनमधून गेला. इंटरनेटवरून फुकट गाणी मिळायला लागली, तबकड्यांचा खप घटला, डबप्लेटची जागा सीडीने आणि मग पेन ड्राइव्हने घेतली. २००८ च्या डिसेंबरात पिनॅकल हा ब्रिटनमधला स्वतंत्र लेबलांचा मोठा वितरक कोसळला आणि अनेक छोट्यांचे पैसे त्यात अडकले. नव्वदच्या दशकातली कित्येक लेबलं बंद पडली.

मेटलहेड्स टिकली. दर काही वर्षांनी नव्या दमाच्या माणसांना तिने जागा दिली. २००७ मध्ये कॉमिक्स या जोडीचा 'कॉल टू माइंड' हा अल्बम तिने काढला, तो आजही लोक आठवणीने ऐकतात. २०१६ मध्ये गोल्डीला ब्रिटनचा एमबीई सन्मान मिळाला. ज्या मुलाला घर नव्हतं, त्याला राजवाड्याने बोलावलं. २०२४ मध्ये लेबलला तीस वर्षं झाली.

लाल शाई

आता माझ्यावर येतो.

या भागाचा पहिला मसुदा मी लेकीला वाचायला पाठवला. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं : 'गोल्डी याने १९९४ साली स्थापन केलेली कंपनी'. तिने त्याखाली लाल शाईत दोनच शब्द लिहिले : 'आणि कोणी?'

हे दोन शब्द मला तीस वर्षं मागे घेऊन गेले. १९९४ च्याच जानेवारीत मी काश्मीरमध्ये मेजर होतो. एका रात्री बर्फाच्या वादळात पुढच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. दोन लाइनमन केबलचं रीळ पाठीवर घेऊन अंधारात चढले आणि पहाटे चार वाजता लाइन बोलायला लागली. सकाळी मी अहवाल लिहिला. 'मेजर अमुक यांच्या देखरेखीखाली लाइन दुरुस्त करण्यात आली.' कोणी केली? अहवालात माणूसच नव्हता. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, नुसती 'करण्यात आली' ही क्रिया वापरली होती. वरून आलेल्या शाबासकीच्या पत्रात नाव आलं ते माझं. मी ते दुरुस्त केलं नाही. तेव्हा सुचलंच नाही, असं म्हणायची सोय आहे, पण ते पूर्ण खरं नाही.

त्या दोघांतल्या एकाचं नाव मला आठवत होतं. त्याला शोधून फोन केला. गावी शेती करतो. मी दुसऱ्याचं नाव विचारलं, तर त्याने एका क्षणात सांगितलं. वर म्हणाला, "साहेब, आम्ही दोघं दर दिवाळीला बोलतो की." मी ते नाव वहीत लिहून घेतलं. एवढंच हातात होतं.

ड्रमर ग्रेगरी कोलमनचं काय झालं, ते राहिलं. त्याच्या सात सेकंदांवर जगभरात हजारो गाणी उभी राहिली. त्याबद्दल त्याला काही मिळालं नाही. २००६ मध्ये अटलांटात तो बेघर अवस्थेत गेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे गाण्याचे हक्क होते, पण त्यालाही वर्षानुवर्षं काही मिळालं नव्हतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डीजेंनी लोकांना आवाहन करून त्याच्यासाठी २४,००० पौंड जमवले. उशिरा का होईना, कोणीतरी नाव शोधत गेलं.

मेटलहेड्सचा इतिहास गोल्डीशिवाय सांगता येणार नाही, हे खरंच. पण त्याला रेजच्या दारापर्यंत नेणारी केमी होती, लेबलची घडी बसवणाऱ्या केमी आणि जेन होत्या, 'इनर सिटी लाइफ' गाणारी डायन शार्लमेन होती. ती २०१५ मध्ये कर्करोगाने गेली. नाव पुढे असलेल्याचं काही कमी करायचं नाही, मागची नावं तेवढी ओळीत आणायची आहेत. आपल्या घरात, कचेरीत, मंडळात, पलटणीत 'करण्यात आलं' असं कुठे लिहिलं असेल, तिथे 'कोणी?' असं विचारून बघा.

मागच्या महिन्यात मी बेंगळुरूला लेकीचा कार्यक्रम ऐकायला गेलो. पहिल्यांदाच. कानात कापूस घालून, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. सात मीटरची लहर छातीतून कशी जाते ते त्या रात्री कळलं. लेकीने शेवटी एक जुनी तबकडी लावली आणि माझ्याकडे बघून हात वर केला. कोणाची ते मी ओळखलं नाही. घरी जाताना विचारलं. या वेळी विचारलं.

पुढच्या भागात पुन्हा बर्फात जाऊ. तोवर नमस्कार.